बोळातला लाकडी उतार

हॉस्पिटलातून सुटी मिळते त्या दिवशी सगळेच खुशीत असतात. सिस्टर हसून निरोप देते, घरचे फोनवर फोन करतात, शेजारच्या खाटेवरची बाई "पुन्हा येऊ नका हं" म्हणते. घराच्या पायऱ्या कशा चढणार, हे मात्र कुणी विचारत नाही. आम्हालाही ते सुचलं नव्हतं. गाडी फाटकापाशी थांबली, मी मागच्या सीटवर आडवी होते, आणि दादा खाली उतरून आमच्याच घराकडे बघत उभा राहिला.

मध्यंतरी फिजिओथेरपीच्या जागी खोपोलीहून आलेल्या एक बाई भेटल्या. अपघातानंतर नवऱ्याला त्यांनी नुकतंच घरी नेलं होतं. त्यांनी मला औषधांचं विचारलं नाही, की डॉक्टरांचं. एवढंच विचारलं, "तुम्ही घराबाहेर कशा पडता?" मी सांगायला लागले आणि त्यांची गाडी आली. राहिलेलं उत्तर इथे लिहिते आहे.

पायडल

मी पनवेलला, टक्का भागात राहते. बैठं घर, वडिलांनी बांधलेलं. गाढी नदी जवळच, पावसाळ्यात गल्लीत पाणी चढतं, म्हणून त्यांनी जोतं कमरेएवढं उंच घेतलं. आजूबाजूला पाणी शिरलं तरी आमचा उंबरा कधी भिजला नाही, याचा आम्हा सगळ्यांना अभिमान होता.

लग्न मी केलं नाही. आईवडील गेल्यापासून मोठा भाऊ अरुणदादा आणि सुषमावहिनी यांच्याबरोबर राहते. दादा तळोज्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. त्यांचा मुलगा नोकरीसाठी पुण्यात असतो. पुढच्या खोलीत माझं शिवणकाम चालायचं. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, लग्नसराईत फॉल-पिको. कुणापुढे हात पसरायची वेळ आली नव्हती.

त्या दिवशी सकाळी एक ब्लाउज पुरा करायला बसले आणि मशीन चालेना. पट्टा तपासला, तेल घातलं. मग लक्षात आलं, की मशीन ठीक आहे. पायडलवर पाय आहे की नाही हेच मला कळत नाहीये. वाकून पाहिलं. पाय होता. मी त्याला दाब म्हणत होते आणि तो नुसता ठेवल्यासारखा होता.

काल फार वेळ बसले म्हणून मुंग्या आल्या असतील, असं स्वतःला समजावत दुपार काढली. पोटाभोवती कुणीतरी घट्ट पट्टा आवळल्यासारखं वाटत होतं. बाथरूममध्ये पडले ती उठलेच नाही. वहिनीने दार ढकलून मला बाहेर ओढलं. संध्याकाळपर्यंत लघवी बंद झाली होती आणि मी स्ट्रेचरवर होते.

वाट बघू

पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या मज्जारज्जूला सूज आली आहे, असं तपासणीनंतर डॉक्टरांनी सांगितलं. सांगितलं म्हणजे दादाला सांगितलं. मी दोघांच्या मधे आडवी होते आणि त्यांचं बोलणं माझ्या अंगावरून चाललं होतं. का झालं, याला नक्की उत्तर नव्हतं. एखाद्या साध्या तापानंतरही होतं म्हणाले. मला ताप आल्याचं आठवत नव्हतं.

शेवटी मीच विचारलं, "चालता येईल ना मला?"

डॉक्टर पहिल्यांदा माझ्याकडे वळले. "वाट बघू," म्हणाले.

या दोन शब्दांवर आम्ही तिघांनी पुढचं वर्ष काढलं. दादाने त्यातला 'चालेल' ऐकला. वहिनीने काय ऐकलं ते ती बोलली नाही. मी रोज वेगळं काहीतरी ऐकायची.

सलाइनमधून औषध सुरू झालं. हात शाबूत होते, डोकं शाबूत होतं. छातीच्या खालचं शरीर दुसऱ्या कुणाचं तरी आणून ठेवल्यासारखं होतं. लघवीची नळी लागली. दर थोड्या वेळाने दोन बायका यायच्या आणि मला कुशीवर वळवायच्या, जखमा होऊ नयेत म्हणून. वळवलं की पुढची पाळी येईपर्यंत समोर जे असेल ते बघत राहायचं. एका कुशीला भिंत होती, दुसऱ्या कुशीला शेजारच्या खाटेवरच्या बाईंची पाठ. एका आयामावशींच्या ते लक्षात आलं असावं. त्यांनी कुणाला न विचारता खाट तिरकी सरकवली, आणि मला खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसायला लागली. कोण गाडी नीट मागे घेतं आणि कोण तीनदा पुढेमागे करतं, हे बघण्यात माझे कितीतरी तास गेले. त्या मावशींचे उपकार मी विसरलेले नाही.

वहिनी माझ्याजवळ राहिली. वीस वर्षं आम्ही एका स्वयंपाकघरात वावरलो होतो, पण जवळ कधी आलो नव्हतो. भांडण नव्हतं. ती मला नीलाताई म्हणायची, अहो-जाहो करायची, आणि दोघी आपापला चहा आपापल्या वेळी करून प्यायचो. अशा बाईने आपलं सगळं करायचं, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. एके दिवशी आया आलीच नाही आणि अंथरूण घाण झालं. वहिनीने पडदा ओढला, पाण्याचं भांडं आणलं. मी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"इकडे बघ," ती म्हणाली. "पाणी गार लागतंय का ते सांग."

मला कळणार नव्हतं. तिच्याही ते लगेच ध्यानात आलं, आणि तिचा हात थांबला. मग तिने आधी स्वतःच्या मनगटावर पाणी घालून पाहिलं आणि काम पुरं केलं. त्या दिवसापासून ती मला 'तू' म्हणायला लागली.

चौघांनी उचलून

तर सुटीचा दिवस. दादा, ड्रायव्हर आणि कोपऱ्यावरच्या दुकानातले दोघे अशा चौघांनी मला उचललं. दोघांनी काखेत हात घातले, दोघांनी मांड्यांखाली. पायऱ्या अरुंद होत्या, चौघे एका वेळी मावत नव्हते. मधेच एकाची पकड सुटली. माझा गाउन वर सरकला. लघवीची पिशवी दुकानातल्या माणसाच्या पायाशी लोंबकळत होती, आणि तो भला माणूस नजर वर, पन्हळीकडे लावून चढत होता. मी डोळे मिटून घेतले. तेवढंच माझ्या हातात होतं.

मला पलंगावर ठेवून दादा बाथरूममध्ये गेला. नळ बराच वेळ चालू होता.

फिजिओथेरपीला जायचं म्हणजे आठवड्यातून ठरलेल्या दिवशी असं उतरायचं आणि असंच चढायचं. माणसं गोळा करायची. कधी दोघेच मिळायचे. गल्लीतल्या बायका दारात येऊन उभ्या राहायच्या, काळजीनेच, पण बघायच्या. मी आदल्या दिवसापासून पाणी कमी प्यायला लागले, म्हणजे पिशवी तरी रिकामी राहील. त्याने लघवीत जंतू झाले आणि ताप आला. ताप आल्यामुळे जावं लागलं नाही, आणि मला बरं वाटलं. पुढे ताप नसतानाही मी कणकण आहे म्हणून सांगायला लागले.

वाचणाऱ्यांपैकी कुणी या अवस्थेत असेल तर सांगते, पाणी तोडू नका. मला त्याची शिक्षा फार दिवस भोगावी लागली.

"आता कशाला?"

रॅम्पचं मी पहिल्यांदा काढलं तेव्हा दादा म्हणाला, "आता कशाला? दोन महिन्यांत तू स्वतःच्या पायांनी उतरशील." दोन महिन्यांनी पुन्हा विचारलं तर तेच उत्तर. तो माझ्या चपला पुसून रॅकवर ठेवायचा. कामावरून आला की पलंगाच्या टोकाशी बसून माझ्या अंगठ्याकडे टक लावायचा आणि म्हणायचा, "हलला बघ. आत्ता हलला." तो हललेला नसायचा. पण नाही म्हणायची माझी छाती होत नव्हती.

त्याला रॅम्प करायचा नव्हता असं नाही. रॅम्प केला तर मी चालणार नाही हे आपणच मान्य केलं, असं त्याला वाटत होतं. मला हे कळत होतं. कळूनही उपयोग काय? मी पलंगावर होते, हातोडा त्याच्या हातात होता.

वहिनीने एका रविवारी हे संपवलं. आम्ही जेवत होतो, म्हणजे ते दोघे टेबलाशी आणि मी चाकाच्या खुर्चीत ताट मांडीवर घेऊन. त्या आधीच्या आठवड्यात मला उचलताना तिच्या पाठीत उसण भरली होती. तिने कमरेला पट्टा बांधूनच पोळ्या केल्या होत्या. तिची आई मोऱ्याला असते, एकटी, थकलेली. मला आजार झाल्यापासून वहिनी तिकडे एक दिवसही गेली नव्हती.

ती आवाज न चढवता म्हणाली, "नीला चालेल तेव्हा चालेल. आज तिला दाराबाहेर जाता येत नाही. तिला जाता येत नाही म्हणून मलाही जाता येत नाही. माझी आई गेली तर मी मातीला तरी पोचणार आहे का, एवढं मला सांगा."

दादा ताट तसंच ठेवून उठला. मला वाटलं रागावला. थोड्या वेळाने पुढच्या दाराशी लाकूड आपटल्याचा आवाज आला.

पहिला रॅम्प

घरात एका जुन्या कपाटाच्या फळ्या होत्या. पायऱ्यांवर दोन ओंडके टाकून दादाने त्यांवर त्या फळ्या ठोकल्या. संध्याकाळपर्यंत रॅम्प तयार. पायऱ्यांवर सरळ टाकलेला, म्हणजे पायऱ्यांइतकाच खडा. घसरगुंडीसारखा. पण दादा इतका घामाघूम आणि इतका हलका झाला होता, की आम्ही दोघींनी काही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी उतरलो. दादाने मागून खुर्ची धरली, वहिनी पुढे. मला पुढे तोंड करून उतरवलं, आणि हीच चूक होती. उतरताना खुर्ची उलटी धरायची, बसणाऱ्याची पाठ उताराकडे, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. अर्ध्यावर दादाची चप्पल सटकली. वहिनी बाजूला फेकली गेली. मी फाटकाच्या खांबापर्यंत गेले.

मला लागलं नाही. म्हणजे लागल्याचं कळलं नाही. सगळ्यांनी देवाचे आभार मानले, वहिनीच्या कोपराला हळद लावली. संध्याकाळी ती माझे मोजे काढायला बसली तेव्हा डावा घोटा सुजून वांग्यासारखा काळानिळा झाला होता. हाड मोडलं होतं. दिवसभर मोडक्या हाडाने मी खुर्चीत बसून होते, वाटाणे सोलत होते.

दादा ते बघून भिंतीला टेकून खालीच बसला. "तुला कळलंसुद्धा नाही," एवढंच म्हणाला. मला वाटतं, त्याच दिवशी त्याला खरं काय ते समजलं. माझ्या अंगठ्याकडे त्याने पुन्हा पाहिलं नाही. ते बघणं बंद झालं याचंही मला वाईट वाटलं.

बोळ

प्लास्टर झालं. फिजिओथेरपी करणाऱ्या मॅडमनी फोनवर समजावलं, की एक फूट उंचीला बारा फूट उतार हवा. आमचं जोतं पाहता रॅम्प घराच्या लांबीएवढा होणार होता. पुढे अंगण असं नव्हतंच, दोन पावलांवर फाटक. जागा एकच होती. मागच्या दारातून बाहेर पडून, घराच्या कडेच्या बोळातून सबंध लांबी उतरत गल्लीत यायचं.

तो बोळ आमच्या आणि म्हात्रेकाकांच्या घरांमधला. जमीन मूळची म्हात्र्यांची. काकांच्या वडिलांकडून माझ्या वडिलांनी प्लॉट घेतला होता. बोळ कुणाचा, यावर सांडपाण्याच्या पाइपावरून एकदा दादाचं आणि काकांचं कडाक्याचं भांडण झालं. त्यानंतर कित्येक वर्षं दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. दुपारी नदीकडून वारा येतो म्हणून काका त्या बोळात प्लास्टिकची खुर्ची टाकून बसतात, नेमके माझ्या खिडकीसमोर.

दादाला मी म्हटलं, विचारून बघ. तो म्हणाला, त्यापेक्षा घर विकतो.

मग एका दुपारी मीच खिडकीतून हाक मारली. काकांनी दचकून वर पाहिलं. मी म्हटलं, काका, मला तुमच्या बोळातून उतार करायचाय. असं नुसतं पडून राहायचा कंटाळा आला.

काकांनी माझ्या प्लास्टरकडे बघितलं. "आमी इचार करू," म्हणाले, आणि खुर्ची उचलून आत गेले. दुसऱ्या दिवशी बोळात आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. रिकाम्या बोळाकडे बघत मी स्वतःला दोष देत राहिले, की म्हाताऱ्याची बसायची जागाही आपण घालवली. बोलायला गेले नसते तर निदान तो वाऱ्याला तरी बसला असता.

आठवडा गेल्यावर त्यांची बायको, हौसाकाकू, डब्यातून तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी घेऊन आली. आमच्या घरात पाऊल ठेवायचीही तिची कितीतरी वर्षांनी पहिलीच वेळ. मला बघून ती रडलीच. जाता जाता म्हणाली, "त्यांचा नकार नाय. पन तुजा भाऊ येऊन बोलंल तर."

दादाने ते ऐकलं. तिसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर हातपाय धुतले, धुतलेला शर्ट घातला आणि शेजारी गेला. माझ्या खिडकीतून त्यांचा दरवाजा दिसत नाही. वहिनी आणि मी वाट बघत बसलो. तो परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. काय बोलणं झालं ते त्याने आजवर सांगितलेलं नाही, मीही विचारलेलं नाही.

"हो म्हणाले," इतकंच म्हणाला.

पाठोपाठ काका स्वतः खिडकीशी आले. अट त्यांनी मलाच सांगितली. "लाकडाचा कर, पोरी. सिमेंट नाय. माझ्या भिंतीला खिळा नाय. मी हाय तवर कोन बोलनार नाय, पन उद्या माझी पोरं भांडतील. लाकूड काय, काढता येतं."

मला ती अट रास्त वाटली. अजूनही वाटते.

खिडकीतून

पळस्प्याच्या बाजूला लाकडाची वखार आहे. तिथल्या ओळखीने दिलीप नावाचा सुतार मिळाला. साल वृक्षाच्या टणक लाकडाचा सांगाडा, वर पाण्याला टिकणारं जाड प्लाय, त्यावर चाक घसरू नये म्हणून आडव्या पट्ट्या, दोन्ही बाजूंना कठडा. मधे दम खायला एक सपाट जागा.

काम माझ्या खिडकीखाली चाललं होतं आणि मी वर पलंगावर. आयुष्यभर मापं घेतलेली बाई मी. टेपचं टोक कुठे धरायचं हे हातांना माहीत, आणि इथे माझ्यासाठीच्या वस्तूचं माप दुसरे घेत होते. दादा आणि दिलीप एकमेकांना आकडे ओरडून सांगायचे. एकदा दादाने खुर्चीची रुंदी चुकीची सांगितली. मी आतून ओरडले, पण करवतीच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. वहिनीला हाक मारली, ती बाजारात गेली होती. पट्टी कापली गेली. मग दिलीपने ती बदलली, कुरकुर न करता, पण माझा तो सगळा दिवस त्यातच गेला. एवढ्याशा गोष्टीने मी रडले, तोंडात चादरीचं टोक कोंबून.

मागच्या दाराशी खुर्ची वळवायला किती जागा लागेल, यावर दोघांचं एकमत होईना. तेव्हा मी वहिनीला माझा कापड बेतायचा कागद काढायला सांगितला. स्वयंपाकघरात जमिनीवर तो पसरला, मला खुर्चीत घालून त्यावर वळवलं, आणि चाकं जिथे जिथे गेली तिथे वहिनीने खडूने खूण केली. तो कागद दिलीपने बाहेर नेला आणि तेवढा चौथरा केला. या सगळ्या बांधकामातला माझा हिस्सा तेवढा.

काम संपलं त्या दिवशी काकांची खुर्ची ठेवायला बोळात जागाच उरली नव्हती. त्यांनी ती उचलून आपल्या छपरावर टाकली. दुपारी पाहिलं तर ते रॅम्पच्या खालच्या टोकावर, कठड्याला पाठ लावून बसले होते.

बाहेर

प्लास्टर निघाल्यावर पहिल्यांदा उतरले. दादाने मला उलटी धरून, पावलापावलाने, खाली आणलं. पट्ट्यांवरून चाकांचा खडखड आवाज होत होता. कुणी मला हात लावला नव्हता, गाउन वर गेला नव्हता. गल्लीत आलो. वहिनी म्हणाली, "बोल, कुठे जायचं?"

मला काही सुचेना. इतके महिने मी बाहेर जायचं, बाहेर जायचं करत होते, आणि कुठे ते ठरवलंच नव्हतं. वडाळे तलावापर्यंत जाऊ म्हणाला दादा. गल्लीच्या तोंडाशी एक बाई थांबली, माझ्याकडून ब्लाउज शिवून घ्यायची. "अगंबाई," म्हणाली आणि तिचे डोळे भरले. पुढे रस्त्यावर रिक्षा, स्कूटर सगळे माझ्या डोक्याच्या वरून जात होते. बसल्यावर जग एवढं उंच होतं हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, घरी चला.

त्या दोघांचे चेहरे बघवत नव्हते. इतकं करून ही पाच मिनिटांत परत. पण त्यांनी खुर्ची वळवली.

नंतर हळूहळू सवय झाली. फिजिओथेरपी पुन्हा सुरू झाली. माणसं गोळा करायचं बंद झालं. पाणी पोटभर प्यायला लागले. हातांनी होणारं काम, काजं, हुक, हातशिलाई, बायका आणून द्यायला लागल्या.

वर्ष झाल्यावर डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. या वेळी ते माझ्याशी बोलले. पायांकडून आता फार अपेक्षा धरू नका, म्हणाले, हात बळकट करा. दादा शेजारी उभा होता. घरी आल्यावर त्याने मला बोळातून वर ढकललं, आत आणलं, आणि रॅकवरच्या माझ्या चपला काढून वरच्या फळीवर ठेवल्या. टाकल्या नाहीत. मी ते पाहिलं, हे त्याला कळलं. मी दुसरीकडे बघितलं.

वहिनी मोऱ्याला गेली

गेल्या महिन्यात वहिनीच्या आईला बरं नसल्याचा फोन आला. वहिनी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, जा. चार दिवस राहा. दादा अर्धा दिवस सुटी घेईल, हौसाकाकू शेजारी आहे, फोन आहे. ती दहा वेळा नको म्हणाली आणि अकराव्यांदा पिशवी भरायला बसली.

तिला रिक्षात बसवून द्यायचं मी ठरवलं. एकटी उतरायला मी तोवर शिकले होते, दोन्ही कठडे धरून, उलटी. तिने हात लावायचा नाही, असं मी तिला बजावलं होतं. ती माझ्यामागून, पिशवी खांद्याला अडकवून, हात मोकळे ठेवून, श्वास रोखून आली. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा मिळाली. बसल्यावर तिने माझा हात घट्ट धरला.

"औषधं डब्यात काढून ठेवलीत," म्हणाली. आणि मग, "मी येईपर्यंत नीट राहा गं."

रिक्षा वळली आणि मी परत फिरले. चढणं मला एकटीला जमत नव्हतं, हे तिलाही माहीत होतं, मलाही. दादा अर्ध्या-पाऊण तासात येणार होता. खालीच थांबायला हवं होतं. पण मला वाटलं, आज जमेल. तिला फोनवर सांगता येईल, की जमलं.

कठडा ओढत ओढत मधल्या सपाट जागेपर्यंत आले. तिथे हात संपले. दंड थरथरायला लागले, पुढचा चढ चढवेना, आणि त्या थरथरत्या हातांनी खाली उतरायची भीती वाटत होती. ब्रेक लावला. फोन घरात, पलंगावर राहिला होता. हाक मारायची लाज वाटत होती. उन्हं कलली होती. माझ्याच खिडकीसमोर, मागच्या दारापासून दहा-बारा हातांवर मी बसून होते, वरही नाही आणि खालीही नाही. पाय नेहमीसारखे खुर्चीच्या फळीवर ठेवलेले. त्यांच्याकडे बघून मला रागसुद्धा आला नाही.

शेजारच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडली. हौसाकाकूने मला पाहिलं. ती काय झालं, कशी आलीस, कुणाला बोलावू, असं काही म्हणाली नाही. खिडकी लोटून घेतली. थोड्या वेळाने पुन्हा उघडली आणि गजांमधून तिचा हात बाहेर आला. हातात चहाचा कप, वर दोन कडक बटर-बिस्किटं ठेवलेली बशी.

"वारा बरा सुटलाय," ती म्हणाली. "बस जरा."

मी बसले. नदीकडून खरंच वारा येत होता. बटर बुडवून खाल्लं. काकू आत भांडी घासत होती आणि मधून मधून काहीबाही बोलत होती, बाजारातल्या कालवांचा भाव, सुनेची नोकरी. मी हं हं करत होते.

फाटक वाजलं. दादाने मला बोळात पाहिलं आणि डबा तिथेच टाकून धावत वर आला. किती वेळ बसली आहेस, कुणाला हाक का नाही मारलीस, असं सगळं एकदम विचारत त्याने खुर्चीच्या मुठी धरल्या आणि ब्रेक काढायला वाकला.

"थांब रे," मी म्हटलं. "चहा संपू दे."